सर्वांत वाईट खेळाडू कोणता?

मनुष्याच्या गुणांची तुलना करणें हा सुशिक्षित समाजाचा एक आवडता उद्योग आहे, आणि त्याच्या दोषांची तुलना करणें हा त्याहूनहि आवडता उद्योग आहे. साताऱ्यास पोवई नाक्यावर काय किंवा सांगलीस कृष्णेच्या घाटावर काय, संध्याकाळच्या सुमारास चार मित्र जमले आणि भारताचा संघ नुकताच कोठें हरलेला असला, म्हणजे बोलणें हटकून एका प्रश्नावर येऊन ठेपतें: देशाच्या संघांतून आजवर जे खेळले त्यांत सर्वांत वाईट खेळाडू कोणता? सर्वांत चांगला कोणता, या प्रश्नाला दोनचार ठराविक नांवें सांगून मंडळी मोकळी होतात. वाईटाचा प्रश्न निघाला कीं मात्र प्रत्येकाच्या बुद्धीला बहर येतो. एकजण क्रिकेटच्या एखाद्या सलामीच्या फलंदाजाचें नांव घेतो, दुसरा फुटबॉलच्या एखाद्या गोलरक्षकाचें, तिसरा आंकडेच पाठ म्हणून दाखवितो. आणि ज्यानें उभ्या जन्मांत तालुक्याच्या संघांतहि जागा मिळविली नाहीं तो सर्वांत मोठ्यानें निकाल देतो. 'नाचतां येईना अंगण वांकडें' ही म्हण नाचणाऱ्यासाठीं झाली; अंगणाबाहेर बसून त्याचे पाय मोजणाऱ्यासाठीं मात्र आपल्या भाषेंत अजून म्हण झालेली नाहीं.

हा विषय मासिकाच्या पानांवर घेण्याच्या योग्यतेचा आहे काय, अशी शंका कांहीं वाचकांस येण्याचा संभव आहे. खेळाच्या गोष्टी खेळाच्या वेळीं. त्यांचा नीतिविचाराशीं काय संबंध, असें ते विचारतील. आमच्या मतें हा संबंध फार निकटचा आहे. न्यायाधीशाच्या आसनावर बसण्याचा प्रसंग आपल्यापैकीं फारच थोड्यांवर येतो. परंतु दुसऱ्याच्या अपयशाचा निवाडा करण्याचा प्रसंग रोज येतो, आणि खेळाच्या निमित्तानें तो करतांना आपली जीभ जितकी सैल सुटते तितकी ती इतर वेळीं सुटत नाहीं. शिवाय हें बोलणें घरांतील मुलें ऐकत असतात. भर मैदानांत उतरून हरलेल्या माणसाची वडीलधाऱ्यांच्या लेखीं काय किंमत आहे, हें तीं याच बोलण्यावरून ताडतात, आणि आपण मैदानांत उतरावें कीं नाहीं हेंहि त्यावरूनच ठरवितात. तेव्हां या प्रश्नाचें उत्तर शोधण्यापूर्वीं तो विचारण्याचा आपला अधिकार कोणता व त्याची मर्यादा कोणती, हें पाहणें अगत्याचें आहे.

या वादांत 'वाईट' हा एकच शब्द तीन निरनिराळ्या अर्थांनीं वापरला जातो, आणि सगळा घोटाळा त्यांतून होतो. ज्याचें कौशल्य इतरांहून कमी तो वाईट, हा पहिला अर्थ. ऐन वेळीं ज्याच्या हातून चूक झाली तो वाईट, हा दुसरा. आणि ज्या जागेवर आपला हक्क नाहीं ती जो अडवून बसला तो वाईट, हा तिसरा. पहिला प्रश्न मोजमापाचा आहे, दुसरा प्रसंगाचा, आणि तिसरा तेवढा नीतीचा. आपण मात्र मोजमाप करतांना नीतीच्या आसनावरून शिक्षा ठोठावतों, आणि जेथें खरोखर दोष द्यावयाचा तेथें मौज म्हणून हंसून सोडून देतों.

पहिला अर्थ घेऊं. कोणत्याहि रांगेंत कोणीतरी शेवटचा असावयाचाच. रांग देशांतील उत्तम खेळाडूंची असली म्हणून हा नियम बदलत नाहीं. पण त्या रांगेच्या शेवटीं जो उभा आहे, त्याच्या मागें रांगेबाहेर राहिलेले लक्षावधि लोक आहेत, आणि त्यांतच त्याला हंसणारे आपण आहों, हें विसरतां कामा नये. दुसरें असें कीं, ज्या मापानें मोजावयाचें तें माप तरी योग्य हवें. भागवत चंद्रशेखर यांनीं आपल्या सगळ्या कसोटी सामन्यांत मिळून १६७ धांवा केल्या आणि २४२ बळी घेतले. म्हणजे त्यांच्या धांवांपेक्षां बळींचीच संख्या मोठी. केवळ फलंदाजांची यादी केली तर त्यांचें नांव अगदीं तळाशीं लागेल. परंतु बालपणीं पोलिओनें कृश झालेल्या त्याच उजव्या हातानें १९७१ सालीं ओव्हलच्या मैदानावर ३८ धांवांत ६ बळी घेतले, आणि इंग्लंडच्या भूमीवर भारताला पहिला कसोटी विजय मिळाला. सुताराचा रंधा लोखंड कापीत नाहीं म्हणून त्याला वाईट हत्यार म्हणणाऱ्यास आपण काय म्हणूं? आंकडे खोटें बोलत नाहींत हें खरें. पण त्यांना जेवढें विचारावें तेवढेंच ते सांगतात, आणि पुष्कळदां आपण त्यांना भलतेंच विचारीत असतों.

दुसरा अर्थ अधिक विचार करण्यासारखा आहे. ऐन वेळीं चुकलेल्यास काय म्हणावें? याचें उत्तर देण्यास १९५२ हें एक सालच पुरेसें आहे, आणि योगायोगानें त्याचा संबंध आमच्या या दोन्ही जिल्ह्यांशीं येतो. त्या वर्षीं भारताच्या क्रिकेट संघाचे नायक विजय हजारे होते. त्यांचा जन्म १९१५ सालीं सांगलीस एका शिक्षकाच्या घरीं झालेला. फेब्रुवारींत त्यांच्याच नेतृत्वाखालीं मद्रासला भारतानें इंग्लंडचा पराभव केला; कसोटी सामन्यांतील भारताचा हा पहिलाच विजय. त्या सामन्यांत पंकज रॉय यांनीं १११ धांवा काढिल्या होत्या. पुढें चारच महिन्यांनीं, जूनमध्यें, इंग्लंडांत लीड्सच्या मैदानावर दुसऱ्या डावाला प्रारंभ झाला आणि एकहि धांव फलकावर लागण्यापूर्वीं भारताचे चार गडी बाद झाले. रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री आणि विजय मांजरेकर हे ते चौघे. चौघांच्याहि नांवापुढें भोपळा. शून्याला चार, असा फलक कसोटी क्रिकेटनें त्यापूर्वीं पाहिलेला नव्हता. रॉय यांना तर त्या मालिकेंतील सात डावांपैकीं पांच डावांत एकहि धांव करतां आली नाहीं.

आतां त्या दिवशीं संध्याकाळीं कोणी सर्वांत वाईट खेळाडू कोणता असें विचारलें असतें, तर या चौघांवांचून दुसरें नांव कोण घेता? परंतु त्या चौघांपैकीं वीस वर्षांच्या मांजरेकरांनीं त्याच सामन्याच्या पहिल्या डावांत १३३ धांवा केल्या होत्या. आणि रॉय यांनीं १९५६ च्या जानेवारींत न्यूझीलंडविरुद्ध १७३ धांवा करून विनू मंकड यांच्यासह सलामीला ४१३ धांवांची जी भागी रचली, ती २००८ पर्यंत, म्हणजे अर्ध्या शतकाहून अधिक काळ, जगांत कोणालाहि ओलांडतां आली नाहीं. मनुष्य तोच, हात तेच, डोळे तेच. फरक पडला तो चेंडूचा, हवेचा, आणि ज्याला आपण दैव म्हणतों त्याचा. मग लीड्सचा निकाल खरा मानावा कीं मद्रासचा?

त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांतील नऊ दिवस तर प्रत्येक निवाडेबाजानें पाठ करून ठेवण्यासारखे आहेत. १५ जुलैला हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें भारताचा फुटबॉल संघ युगोस्लाव्हियाकडून दहा विरुद्ध एक अशा गोलफरकानें हरला. आपले कित्येक खेळाडू त्या थंडींत अनवाणी खेळत होते. १९ जुलैला मँचेस्टर येथें हजारे यांचा क्रिकेट संघ एकाच दिवसांत दोनदां बाद झाला, एकदां ५८ धांवांत आणि एकदां ८२ धांवांत. आणि २३ जुलैला, ज्या हेलसिंकीला फुटबॉलची ती वाताहत झाली तेथेंच, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवच्या खाशाबा जाधव यांनीं कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताच्या खेळाडूनें वैयक्तिक स्पर्धेंत जिंकलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. साताऱ्याच्या लोकांना या पदकाचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. पण हेच खाशाबा चार वर्षांपूर्वीं लंडनच्या ऑलिंपिकला गेले होते आणि सहावे आले होते. मातींत वाढलेला हा मल्ल. गादीवरची कुस्ती आणि तिचे नियम दोन्ही त्याला नवे. सहाव्याला पदक मिळत नाहीं, मिरवणूकहि निघत नाहीं. १९४८ सालींच आम्हीं त्यांच्या नांवापुढें 'अयशस्वी' असा शेरा मारून वही मिटली असती, तर १९५२ चें पान कोणी लिहिलें असतें?

त्याच लंडनच्या ऑलिंपिकमध्यें फुटबॉलच्या सामन्यांत भारत फ्रान्सकडून एका गोलानें हरला, आणि त्या सामन्यांत भारताला मिळालेल्या दोन पेनल्टी वायां गेल्या होत्या. त्यांतील एक शैलेन मन्ना यांच्याकडून. पुढें १९५१ सालीं दिल्लीस झालेल्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेंत भारतानें फुटबॉलचें सुवर्णपदक जिंकलें, तेव्हां संघाचे नायक मन्ना हेच होते. पेनल्टी चुकविणारा आणि सुवर्णपदक स्वीकारणारा पाय एकच.

येथवर आमच्याशीं सहमत होणें वाचकांस कठीण जाणार नाहीं. परंतु येथेंच एक खांचखळगा आहे आणि तो टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. रॉय, मन्ना, खाशाबा यांना पुढें यश मिळालें म्हणून आपण त्यांचें आधींचें अपयश पोटांत घातलें, असें जर असेल, तर आपण अपयशाचा न्याय केलाच नाहीं. केवळ यशाची पूजा थोडी लांबणीवर टाकली. ज्याला दुसरी संधि मिळालीच नाहीं त्याचें काय? माधव मंत्री यांचेंच पाहा. मुंबईच्या संघास रणजी करंडक मिळवून देणारा हा कर्णधार. खेळांतील शिस्तीविषयीं त्यांचा दरारा मोठा. सुनील गावस्कर त्यांचे भाचे. पण कसोटी सामने त्यांच्या वांट्यास चारच आले आणि त्यांत धांवा झाल्या ६७. त्यांच्या कसोटीच्या कारकीर्दींत लीड्सची भरपाई करणारें मद्रास पुढें आलेंच नाहीं. तेव्हां त्यांना दोषी ठरवावें काय?

आमचें उत्तर स्पष्टपणें नकारार्थी आहे, आणि त्याचें कारण यशापयशाच्या पलीकडचें आहे. योग्य रीतीनें निवडलेल्या, स्वतःला तयार केलेल्या आणि प्रसंगीं पाठ न दाखविलेल्या माणसावर फळाची जबाबदारी टाकतां येत नाहीं. टाकतां येते ती प्रयत्नाचीच. फळावर आपला अधिकार नाहीं, हें तत्त्व आपण देवघरांत बसून रोज म्हणतों. तें मैदानावर लागू पडत नाहीं असें गीतेंत कोठें सांगितलेलें नाहीं. लीड्सला त्या चार गड्यांनंतर हजारे यांनीं ५६ आणि दत्तू फडकर यांनीं ६४ धांवा करून डाव १६५ पर्यंत नेला. सामना त्यानें वांचला नाहीं. पण सामना वांचला नाहीं म्हणून त्या दोघांचें उभें राहणें व्यर्थ गेलें, असें कोण म्हणेल?

हजारे यांच्याच घरांतील एक गोष्ट या संदर्भांत सांगण्याजोगी आहे. १९४३ च्या डिसेंबरांत मुंबईच्या पंचरंगी सामन्यांच्या अंतिम फेरींत हिंदु संघाविरुद्ध 'रेस्ट' या संघानें दुसऱ्या डावांत ३८७ धांवा केल्या. त्यांपैकीं ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या होत्या. या डावांत ३०० धांवांची एक भागी झाली. तींत विजयरावांचे साथीदार होते त्यांचे बंधु विवेक हजारे, आणि त्या तीनशेंत त्यांचा वांटा होता २१ धांवांचा. आंकड्यांच्या वहींत २१ ही काय किंमत? पण तो दुसरा गडी तेथें तासन्तास उभा राहिला नसता, तर ३०९ चा आंकडा झालाच नसता. 'रेस्ट' संघ तो सामना हरला, हेंहि येथें सांगून टाकलें पाहिजे.

सातासमुद्रांपलीकडचें एक उदाहरण घेऊन हा मुद्दा पुरा करूं. प्रशांत महासागरांत अमेरिकन सामोआ नांवाचीं चिमुकलीं बेटें आहेत. ११ एप्रिल २००१ रोजीं त्यांचा फुटबॉल संघ ऑस्ट्रेलियाकडून एकतीस विरुद्ध शून्य असा हरला. आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्यें एवढा मोठा पराभव दुसरा नाहीं. नेहमींचे खेळाडू पारपत्रांच्या अडचणीमुळें येऊं शकले नव्हते आणि संघांत बहुतेक कोवळीं पोरें होतीं. गोलरक्षक निकी सलापू याच्या पाठीमागें चेंडू एकतीस वेळां जाळ्यांत गेला. जगांतील सर्वांत वाईट गोलरक्षक म्हणून त्याचें नांव घेणें सोपें आहे, आणि तें घेतलेंहि गेलें. पण एकतीस गोल होण्यासाठीं एकतीस वेळां पुन्हां उठून उभें राहावें लागतें. दहा वर्षांनीं, नोव्हेंबर २०११ मध्यें, त्या बेटांनीं टोंगा देशाला हरवून आपला पहिला फिफामान्य विजय मिळविला, तेव्हां गोलांत सलापूच उभा होता. तो विजय मिळाला नसता तरी आमचें त्याच्याविषयींचें मत बदललें नसतें.

तर मग सर्वांत वाईट असा कोणी नाहींच काय? आहे, पण त्यासाठीं तिसऱ्या अर्थाकडे वळलें पाहिजे. १९३२ सालीं भारताचा संघ पहिल्या कसोटी सामन्यासाठीं इंग्लंडला गेला, तेव्हां कर्णधारपद पोरबंदरच्या महाराजांकडे होतें. संस्थानिकावांचून संघाचा मान राहत नाहीं, अशी त्या वेळची समजूत. महाराज फलंदाज म्हणून अगदींच सामान्य. त्या दौऱ्यांतील प्रमुख सामन्यांत त्यांच्या धांवा बोटांवर मोजण्याइतक्या. पण लॉर्ड्सचा कसोटी सामना आला तेव्हां ते स्वतः बाजूस राहिले, आणि कर्नल सी. के. नायडू यांनीं भारताच्या पहिल्या कसोटी संघाचें नेतृत्व केलें. आपली जागा कोणती व आपली नव्हे ती कोणती, हें या गृहस्थांस समजत होतें. केवळ आंकडे पाहणारा त्यांना दौऱ्यांतला सर्वांत वाईट खेळाडू म्हणेल. आम्ही त्यांना त्या दौऱ्यांतला एक मोठा माणूस म्हणतों.

चारच वर्षांनीं, १९३६ सालीं, विजयनगरमचे महाराजकुमार कर्णधार होऊन इंग्लंडास गेले. त्यांच्या पदरीं गुण नव्हतेच असें नाहीं. क्रिकेटसाठीं त्यांनीं सढळ हातानें पैसा वेंचला होता, आणि हॉब्स व सटक्लिफ यांच्यासारख्या नामांकित खेळाडूंना हिंदुस्थानांत आणून येथील लोकांना त्यांचा खेळ दाखविला होता. परंतु संघांत नायडू, विजय मर्चंट यांच्यासारखे खेळाडू असतां ते तिन्ही कसोटींत स्वतः नायक म्हणून उतरले. सहा डावांत मिळून त्यांच्या धांवा झाल्या ३३. लाला अमरनाथ हा त्या दौऱ्यांतला ऐन भरांत असलेला खेळाडू; त्याला बेशिस्तीच्या आरोपावरून पहिल्या कसोटीपूर्वींच मायदेशीं परत पाठविण्यांत आलें, आणि मागाहून चौकशी समितीनें त्याला निर्दोष ठरविलें. ३३ धांवा हा अपराध नव्हे. तशा धांवा पुष्कळ सज्जनांनीं केल्या आहेत. अपराध असलाच तर तो हा कीं, जी जागा गुणांनीं मिळत नव्हती ती वजनानें घेतली, आणि घेतल्यावर आपल्याहून थोर खेळाडूंना आपल्या सांवलींत उभें केलें.

आतां यांत नीतीचा प्रश्न कोठें येतो, तें पाहा. संघांत जागा अकराच असतात. अयोग्य माणूस आंत बसला कीं कोणीतरी योग्य माणूस बाहेर उभा राहतो, आणि बाहेर राहिलेल्याचें नांव कोणत्याहि वाईट किंवा चांगल्या यादींत येत नाहीं. कोल्हापुरास जन्मलेले भाऊसाहेब निंबाळकर यांनीं डिसेंबर १९४८ मध्यें पुण्यास महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धांवा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ धांवांचा विक्रम नऊ धांवांवर येऊन राहिला असतां प्रतिपक्षानें खेळच सोडून दिला. या निंबाळकरांना अधिकृत कसोटी सामना जन्मांत एकहि मिळाला नाहीं. त्यांची जागा अमक्यानेंच अडविली असें म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु सर्वांत वाईट कोण खेळला, यावर आपण जितका वेळ घालवितों, त्याच्या दहावा हिस्सा वेळ जरी कोण खेळूं शकला नाहीं यावर घालविला, तर चर्चेंत कांहीं पुरुषार्थ येईल.

ही जबाबदारी खेळाडूवर तरी कितपत टाकावयाची? आमच्या सातारा-सांगलीकडे जत्रांतून कुस्त्यांचे फड भरतात. कुंडलच्या मैदानाची कीर्ति दूरवर आहे. तेथें कुस्तीची जोड लावणें ही मोठी जोखमीची गोष्ट समजली जाते. दोन गड्यांचें वजन, वय, तालीम हीं सर्व पाहून मग हात मिळवावयाचे. जोड विजोड लागली आणि दुबळा गडी पाहतां पाहतां चीत झाला, तर जाणता प्रेक्षक त्या गड्याला हंसत नाहीं. ही जोड कोणी लावली, असें विचारतो. खेड्यांतील मातीच्या आखाड्यांत जो विवेक आहे तो मोठ्या मैदानांबद्दल बोलतांना आपण कां सोडावा? ज्याला हांक आली तो गेला. देशाची हांक आली असतां मी तितका चांगला नाहीं म्हणून घरीं बसणारा विरळा, आणि त्यानें तसें बसावें अशी अपेक्षाहि रास्त नव्हे. पोरबंदरचे महाराज अपवाद म्हणूनच स्मरणांत राहिले. निवडणारांनीं आपलें काम चोख केलें कीं नाहीं, हा प्रश्न पहिला. निवडलेला कसा खेळला, हा नंतरचा.

आमच्या या म्हणण्यावर एक आक्षेप सहज येईल. दोष दाखविणेंच बंद केलें तर गुणांची तरी किंमत काय राहील? संघ देशाचा आहे, तिकिटें लोक काढतात. वाईटाला वाईट म्हणण्याचा त्यांना हक्क नाहीं काय? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. टीकेवांचून कोणतीहि कला सुधारत नाहीं, आणि भिडेखातर केलेली स्तुति ही निंदेपेक्षां अधिक घातक असते. पण खेळावर टीका करणें निराळें आणि माणसावर शिक्का मारणें निराळें. अमक्या चेंडूला पाय पुढें टाकावयास हवा होता, हें बोलणें खेळाडूच्या उपयोगीं पडतें. हा मनुष्यच टाकाऊ, या बोलण्याचा उपयोग बोलणाराच्या करमणुकीपलीकडे कोणालाहि नाहीं. पहिल्यांत ज्ञान लागतें. दुसऱ्याला नुसती जीभ पुरते.

आणि ही करमणूक वाटते तितकी निरुपद्रवी नाहीं. १९५० सालीं रिओ शहरांत ब्राझीलचा संघ विश्वचषकाच्या निर्णायक सामन्यांत उरुग्वेकडून हरला. गोलरक्षक बार्बोसा हा त्या काळच्या नामांकित गोलरक्षकांपैकीं एक. पण त्या एका गोलाचा डाग २००० सालीं तो मरेपर्यंत त्याच्या देशानें धुऊं दिला नाहीं. खुन्याची शिक्षाहि कधींतरी संपते. याची पन्नास वर्षें संपली नाहीं. कोलंबियाचा आंद्रेस एस्कोबार याच्या पायाला लागून चेंडू स्वतःच्याच गोलांत गेला, ही १९९४ च्या जूनमधली गोष्ट. २ जुलैला त्याच्या गांवीं त्याला गोळ्या घालण्यांत आल्या. आपल्याकडे गोष्ट एवढ्या थराला गेलेली नाहीं. पण सप्टेंबर २०२२ मध्यें पाकिस्तानविरुद्धच्या सामन्यांत अर्शदीप सिंग याच्या हातून एक झेल सुटला, तेव्हां तेवीस वर्षांच्या त्या पोराच्या देशभक्तीवरच संशय घेण्यापर्यंत लोकांची मजल गेली. १९५२ च्या मांजरेकरांसारखाच तोहि तरुण होता. १९३६ च्या वेळीं बोलावयाचें तें न बोललेला समाज २०२२ सालीं एका झेलासाठीं एवढा कां खवळतो? कारण वजनदाराला बोलण्यास धैर्य लागतें आणि पडलेल्याला बोलण्यास तें लागत नाहीं.

सामुदायिक पराभव एका नांवावर टांगून मोकळें होण्याची ही खोड आम्हां मराठ्यांना नवी नाहीं. १७६१ च्या पानिपतानंतर पिढ्यान्‌पिढ्या सगळें खापर एकट्या भाऊसाहेबांवर फुटत आलें. धान्य कां संपलें, मित्र कां मिळाले नाहींत, पुण्याहून कुमक वेळेवर कां आली नाहीं, हें विचारण्याची तसदी पुष्कळांनीं घेतली नाहीं. एक दोषी सांपडला म्हणजे बाकीच्यांना निर्दोष वाटूं लागतें, आणि पुढच्या पराभवाची तयारी तेथूनच सुरू होते.

अलीकडचीच गोष्ट घ्या. २०२५ सालच्या महिलांच्या विश्वचषकांत आपला संघ लागोपाठ तीन सामने हरला, तेव्हां या मुलींच्यानें कांहीं व्हावयाचें नाहीं असें म्हणणारे घरोघर निघाले. नोव्हेंबरांत नवी मुंबईस तोच संघ विश्वविजेता झाला. त्याची उपनायिका स्मृती मानधना सांगलींत वाढलेली. त्याचे शिक्षक अमोल मुजुमदार यांनीं प्रथम दर्जाच्या सामन्यांत अकरा हजारांहून अधिक धांवा करूनहि भारताच्या संघांत त्यांना कधींच जागा मिळाली नाहीं. देशाकडून खेळलेल्यांतील वाईटाची यादी करणाऱ्याला हें नांव सांपडणार नाहीं, चांगल्याची करणाऱ्यालाहि नाहीं. तरी त्या विजयांत त्यांचा वांटा कोण नाकारील?

साताऱ्याच्या शाहू स्टेडियमवर आणि सांगलीच्या शिवाजी स्टेडियमवर मुलें खेळतात. त्यांतून देशाच्या संघापर्यंत पोहोंचणारा एखादाच. आणि पोहोंचलेला पहिल्याच दिवशीं शून्यावर बाद होणार नाहीं, याची हमी कोणीहि देऊं शकत नाहीं. त्या दिवशीं संध्याकाळीं घाटावर किंवा नाक्यावर आपण काय बोलणार आहों, हें आजच ठरविलेलें बरें. त्याला कोणी निवडलें, ती जागा त्यानें कशी मिळविली, आणि डाव कोसळत असतां तो कसा उभा राहिला, एवढे प्रश्न आपण विचारावेत. यांची उत्तरें समाधानकारक मिळालीं, तर त्याच्या धांवा किती झाल्या हें फलकावर लिहिलेलें असतेंच. तें मोठ्यानें वाचून दाखविण्याची जरूर नाहीं.